सुयांचं पोतं

भिवंडी,
६ सप्टेंबर १९९८

कमळे,

सलाम. जिवंत आहेस, की दापोड्याच्या गोदामात कुणी तुला गाठीत शिवून टाकलंय? गणपती आले नि गेले, तुझं एक कार्ड नाही. ठाण्याला नर्सिंग शिकताना वर्गात माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरायचीस, तेव्हा बरी माझी गरज होती. लग्न झालं तशी नोकरी सोडलीस आणि आम्हालाही सोडलंस. असू दे. आज भांडायला लिहीत नाही.

आमच्या नर्सिंग होममध्ये मी सध्या कचऱ्याची राणी आहे. हसू नकोस. दवाखान्यातल्या कचऱ्याचे सरकारनं नवे नियम काढलेत. डॉक्टर ठाण्याच्या मीटिंगला जाऊन आले, कागद माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बघा. मुदत आहे अजून, घाई काही नाही." त्यांना नसेल, मला आहे. कापलेलं, रक्तामासाचं जे काही असेल ते पिवळ्या पिशवीत, ते भट्टीत जाळायचं. सुया जाड डब्यात, ज्याला भोक पडणार नाही अशा. सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या आधी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायच्या, मग कापायच्या. अख्खी वस्तू दाराबाहेर जाता कामा नये. पुन्हा कुणाच्या कामी येणार नाही अशी तिची दशा करायची नि मगच सोडायची. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

का आवडलं ते सांगते. परवा आमच्या लतीफभाईच्या लूमवर भावाचा डबा द्यायला गेले होते. तिथे एक कारीगर लूमला तेल घालत होता, आणि कशानं, तर सिरिंजनं. सुईसकट! मी विचारलं तर म्हणतो, "बाजी, कुप्पी से तेल इधर-उधर गिरता है. इससे बराबर जगह पे पडता है." त्याच्या अंगठ्याची चाळण झाली होती. सिरिंजच्या दट्ट्याला कुणाचं तरी सुकलेलं रक्त होतं, तेलानं काळं पडलेलं. मी ती हिसकावली तर भाईच माझ्यावर खेकसला, की लूम बंद पडली तर तू चालवणार का. बऱ्याच लूमवाल्यांकडे हेच चालतं म्हणे आणि माल दापोड्याच्या भंगारातून येतो.

म्हणजे आमच्याच मागच्या दारातून. सावळाराम नावाचा एक माणूस टेम्पो घेऊन येतो आणि पोती भरून नेतो. त्याला पोतं बांधायला सुतळी मीच देत आलेय. बऱ्या दिसणाऱ्या सिरिंज धुऊन पुन्हा पाकिटात भरतात असंही कानावर आलं. कमळे, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता मी कात्री घेऊनच बसते. एकही अख्खी जाऊ देत नाही. सावळारामचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालंय.

तुमचं गोदाम सुताच्या गाठींना भाड्यानं दिलेलं आहे हे तू मागे लिहिलं होतंस. पण हा भंगारवाला कोण, ते गावात कळतच असेल. तेवढं विचारून कळव. तुझ्या सासूबाईंना, आक्कांना, आणि तुझ्या नणंदेला, हौसाला, सलाम सांग.

तुझी,
सालेहा

ता.क. लोणच्याची बरणी परत कर. तीन वर्षं झाली.


दापोडे,
२१ सप्टेंबर १९९८

प्रिय सालेहा,

तुझं पत्र आलं आणि घरात सणासारखं झालं. आमच्याकडची रीत तुला ठाऊक नाही. पोस्टमन दारात दिसला की आक्का ओट्यावर पाट टाकून बसतात. "घरात आलेला कागद घराचा," असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाचता येत नाही, आणि घरात भराभर वाचणारी मी एकटी. मग मी मोठ्यानं वाचायचं आणि आक्का, हौसावन्सं, हे, शेजारच्या दोघीतिघी, सगळ्यांनी ऐकायचं. मी वर्गात घोरायचे हे आता अख्ख्या आळीला कळलंय. हौसावन्सं मला वाकुल्या दाखवून घोरून दाखवतात. तुझं लूमवरचं वाचलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "या पोरीची जीभ कात्रीवानी हाय."

भंगारवाल्याचं विचारलंस. दापोड्यात गोदामं का थोडी आहेत? कोण काय ठेवतं, कोण काय नेतं, बायकांना कुठे कळतं. तू त्यात पडू नकोस असं मला वाटतं. डॉक्टरांनी मुदत आहे म्हटलंय ना? मग त्यांचं त्यांना बघू दे. तू आधीच तापट, त्यात कात्री घेऊन बसलीस.

हौसावन्संना अलीकडे बरं नसतं. जेवण जात नाही, सारखं पडून राहावंसं वाटतं. हे म्हणतात की कामाची टाळाटाळ आहे. नवरा वारल्यापासून त्या इथेच असतात, तुला माहीत आहे. दिसेल ते काम करतात बिचाऱ्या.

बरणी फुटली. रागावू नकोस.

तुझी,
कमळा


भिवंडी,
१४ ऑक्टोबर १९९८

कमळे,

बरणीचं जाऊ दे. काल काय झालं ते ऐक.

सावळाराम दुपारी मागच्या दारानं आत आला, सोबत आणखी एकाला घेऊन. मी खोलीत सिरिंज कापत होते. त्यानं लाथ मारून ब्लीचिंगचा पिंप पाडला. सगळं पाणी माझ्या पायावर. मग माझी वेणी धरून तोंड भिंतीवर आपटलं, म्हणाला, "माल कापतेस? मालकाचा माल कापतेस?" माझा पुढचा दात हलतोय. मी पण सोडलं नाही. हातात रक्ताळलेला ग्लव्ह होता, तो तसाच त्याच्या तोंडावर चोळला. तो किंचाळत मोरीकडे पळाला आणि साबण घेऊन तोंड घासत बसला. बघ, म्हणजे यांना सगळं कळतं. ज्या मालाला भिऊन साबण लावतात, तोच माल लोकांच्या हातात देतात.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे. जाताना तो म्हणाला, "भावाच्या लूमवर सिरिंज हिसकावतेस ना? त्या लूमला काडी लावायला वेळ लागत न्हाय." कमळे, लूमवरची गोष्ट मी फक्त तुला लिहिली होती. ती तुझ्या ओट्यावर वाचली गेली. त्या ओट्यावरून ती सावळारामकडे कोणी नेली?

मला सरळ उत्तर दे. भंगाराचं गोदाम कुणाचं आहे?

डॉक्टर म्हणतात, सिस्टर, जाऊ द्या, नर्सिंग होमचं नाव खराब होईल. मी जाऊ देणार नाही. कचऱ्याचे नियम बघणाऱ्या ठाण्याच्या साहेबांना मी आज सकाळीच स्वतः जाऊन भेटले. पुढच्या शुक्रवारी ते येणार आहेत. सावळाराम पोती भरून निघाला की आम्ही जीपनं त्याच्या मागे जायचं आणि गोदामात माल उतरताना धरायचं. तोवर मी कात्री बंद ठेवणार आणि घाबरल्याचं नाटक करणार. मला नाटक कितपत जमतं ते तू जाणतेसच.

हौसाची लक्षणं वाचून मला बरं वाटलं नाही. तिचे डोळे नीट उजेडात बघ. तू नर्स आहेस, विसरलीस का?

सालेहा

ता.क. हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नकोस. तुझं तू वाच आणि चुलीत घाल.


भिवंडी,
९ नोव्हेंबर १९९८

कमळाताई यांस,

लतीफचा सलाम. सालेहा सांगते आहे आणि मी लिहितो आहे, कारण तिला आता लिहिता येत नाही.

शुक्रवार उजाडायच्या आधीच ते आले. दुपारची वेळ होती, बाहेर पेशंट बसलेले होते. सावळाराम आणि दोन माणसं. त्यांनी मागच्या खोलीची कडी आतून लावली. सुयांचं जे पोतं न्यायला आले होते तेच त्यांनी जमिनीवर उघडलं, दोघांनी माझ्या बहिणीला खाली दाबलं आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत त्या पोत्यात घातला. मग सावळाराम बूट घालून त्या हातावर उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, टाच फिरवली. "आता काप," म्हणाला. तिची तीन बोटं मोडली. डॉक्टर दाराबाहेर उभे राहून "अरे, काय चाललंय" एवढंच विचारत होते. दार पेशंटांनी तोडलं.

तळहातातून, बोटांतून सुया काढताना मी तिथे होतो. तुटलेली टोकं आत राहिली होती, त्यांच्यासाठी हात चिरावा लागला. पहिल्या रक्ततपासणीत काही नाही. पण ती म्हणते की या तपासणीला अर्थ नाही, काही आत शिरलंच असेल तर ते दिसायला महिने जातात. तोवर पुन्हा पुन्हा रक्त द्यायचं आणि वाट पाहायची. आमची अम्मी तिच्या ताटातलं उष्टं मुद्दाम खाते, तिला वेगळं वाटू नये म्हणून. ती अम्मीवर ओरडते आणि मग रडते.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं लोखंडी सळया घेऊन माझ्या दारात आली होती. दापोड्याला जाऊ म्हणत होती. मी त्यांना हात जोडून परत पाठवलं. चौऱ्याऐंशी सालची दंगल मी या डोळ्यांनी पाहिली आहे. सळई एकदा निघाली की ती कुणाचं घर विचारत नाही. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. सावळाराम पळाला आहे. त्याच्याबरोबरच्या एकानं मालकाचं नाव सांगितलं. ते नाव तुम्हाला सांगायची गरज नसावी, तुमच्या कुंकवाचंच आहे.

माझ्या लूमवरही त्याच सिरिंजनं तेल पडत होतं. मी सगळ्या गोळा केल्या आणि कापल्या. हे आधी केलं असतं तर, असं रोज मनात येतं.

सालेहाचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. "ता.क. वाचलंस ना? मग का वाचून दाखवलंस? आता हे पत्रही ओट्यावर बसून वाच. मोठ्यानं वाच. एक शब्द गाळू नकोस."

लतीफ


दिघाशी,
२९ नोव्हेंबर १९९८

सालेहा,

वर गाव बघून समजली असशील. मी माहेरी आहे. हौसावन्संना घेऊन आलेय.

भंगाराचं गोदाम आमचंच, घरामागचं. पुढे सुताच्या गाठी, मागे पत्र्याच्या आडोशाला भंगार. मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस या भीतीनं खोटं लिहिलं.

ता.क. मी वाचलं, पण शेवटी वाचलं, कारण ते शेवटीच होतं. तू कामाची गोष्ट नेहमी खाली लिहितेस. मी ओट्यावर सगळ्यांसमोर पत्र वाचत गेले. मनात म्हटलं, वेणी धरून भिंतीवर आपटल्याचं ऐकलं की यांना लाज वाटेल. आईसमोर, बहिणीसमोर तरी वाटेल. साहेब, जीप, शुक्रवार, सगळं वाचलं. मग तुझी सही आणि त्याच्याखाली, वाचून दाखवू नकोस. तेसुद्धा मी मोठ्यानंच वाचलं गं. तोंडातून निघूनच गेलं. हे उठले, चपला घातल्या, म्हणाले, "बरा झाला सांगितलास." मी त्यांच्या पायांना मिठी मारली तर छातीत लाथ बसली. तुला निरोप पाठवायला पाहिजे होता. मी खोलीत कोंडलेली होते, पण शेजारणीला खिडकीतून हाक मारता आली असती. नाही मारली. भ्याले.

लतीफभाईंचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. आक्कांचा पाट मीच टाकला. हे खुर्चीत बसले होते. हौसावन्सं गोधडीवर पडून होत्या. त्यांचे डोळे तोवर हळदीसारखे झाले होते आणि आक्का त्यांच्या गळ्यात कावीळ उतरवायची माळ घालून मोकळ्या झाल्या होत्या. मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. टाच फिरवली तेही वाचलं.

आक्कांनी विचारलं, "हिरामण, खरा हाय?" तर हे म्हणाले, "दोन सुया टोचल्या त मरतंय का कोन? आपली हौसा रोज हातानं निवडतंय. तिला काय झायलाय?"

सगळ्यांनी हौसावन्संकडे बघितलं. त्या पिवळ्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होत्या.

सालेहा, मी कधी यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. मी मागे गोदामात गेले, एक पोतं ओढत आणलं आणि ओट्यावर पालथं केलं. सुया, सिरिंज, रक्ताच्या पट्ट्या, सगळ्याचा ढीग. म्हटलं, "काही होत नाही ना? मग घाला हात." ते हसले. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी कमरेचा पट्टा काढला. बक्कल माझ्या भुवईवर बसलं, मग तोंडावर, मग मोजलं नाही. मी एकच म्हणत राहिले, घाला हात. तोंडात रक्त होतं, शब्द नीट निघत नव्हता, तरी म्हणत राहिले. शेजारच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

तेवढ्यात आक्का उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "तू नको घालू. मी घालतंय. माजा पोर सांगतंय, काय होत न्हाय." आणि वाकल्या. खरंच वाकल्या. त्यांची बोटं ढिगाला लागणार, तोच हे एवढ्या जोरात ओरडले की पट्टा हातातून पडला. "आये, नको! मरशील!"

 हौसावन्सं भिंत धरून उभ्या राहिल्या. इतके दिवस उठवत नव्हतं त्यांना. यांच्यासमोर जाऊन हळू म्हणाल्या, "दादा, माज्यासाठी कवा न्हाय ओरडलास." आणि दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. त्या काडीसारख्या झाल्यात, पण हे बेसावध होते. तोल गेला आणि दोन्ही तळहात टेकून त्या ढिगात पडले. उठायला बघितलं तर वन्सं पाठीवर बसल्या. हे गुरासारखे ओरडत होते. मला बरं वाटलं. लिहिते, खोटं कशाला.

पण हात शिकलेले असतात गं. थोड्या वेळानं मीच वन्संना बाजूला केलं, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, यांना नळाखाली नेलं आणि साबणानं जखमा धुतल्या. चिमट्यानं सुया काढल्या. ते लहान पोरासारखं विचारत होते, "काय होणार न्हाय ना गं?" मी पुढची सुई ओढली. पोलीस आले तेव्हा त्यांचे हात फडक्यात बांधलेलेच होते. सध्या जामिनावर सुटून घरी आहेत, आणि आक्का त्यांच्याशी बोलत नाहीत.

वन्संना कुठे दाखवू ते सांग. माझ्यावर थुंक, पण तेवढं सांग.

कमळा


भिवंडी,
१० जानेवारी १९९९

कमळा,

ता.क. आधी लिहिते. हे पत्र दापोड्याच्या ओट्यावर वाचायचं आहे. आक्कांना पाट टाक, हिरामणला समोर बसव आणि शेजारणींना बोलव. जमलं का सगळं? आता पुढे वाच.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. चार ओळी झाल्या की मनगट दुखतं, म्हणून पत्राला आठवडा लागला. उजव्या हाताची बोटं वाकत नाहीत. डॉक्टर म्हणतात वाकणारही नाहीत. त्या नियमांच्या कागदात लिहिलं होतं ना, पुन्हा कामी येणार नाही अशी दशा करून मगच सोडायचं? नियम मी आणला आणि तुमच्या माणसांनी तो माझ्याच हाताला लावला. मला भयंकर राग येतो. सकाळी वेणी घालता येत नाही तेव्हा येतो, भात कालवता येत नाही तेव्हा येतो. कमळे, तुला मी माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही. तसं खोटं लिहिणार नाही.

हौसाला तू माझ्या सांगण्यावरून ठाण्याला नेलंस, ते रिपोर्ट माझ्याकडे आले. रक्तात ऑस्ट्रेलिया अँटिजेन आहे, म्हणजे हेपॅटायटिस बी. कावीळ साधी नाही, सुईची आहे, आणि लिव्हर सुजलंय. माळ काढून टाक. औषध, विश्रांती, वेळेवर तपासणी. पुष्कळ लोक यातून उठतात, हौसा उठेल असं मी धरून चालते. तिला म्हणावं, पाठीवर बसलीस ते वाचून मी कितीतरी दिवसांनी हसले.

गोदामाला सील लागलं हे लतीफभाईनं सांगितलं. आमच्या डॉक्टरांना नोटीस आली, तशी त्यांची मुदत एका दिवसात संपली. आता मला परत बोलावलंय. मी एका अटीवर हो म्हटलं. मागच्या खोलीत कात्री धरायला दोन धड हात लागतात, ते तुझे असतील. सोमवारी ये. तुझ्याशी गप्पा मारीन असं समजू नकोस. शेजारी बसून काम करायचं आहे.

आणि शेवटचं, हिरामणसाठी. नीट ऐक, हिरामण. तुझ्या हातात शिरलेल्या सुया माझ्या हातात शिरलेल्या सुयांच्याच जातीच्या आहेत. तू जसा रोज सकाळी आरशात डोळे बघतोस, तशी मीही बघते. मला कळतं, कारण दुसरं काही सुचतच नाही. तुझी पुढची रक्ततपासणी या महिन्यात आहे. भिवंडीत, आमच्याकडे. कमळाबरोबर ये. आक्का, तुम्हीही या. पोतं उचलणाऱ्या सगळ्यांनी या.

तुझं रक्त मी स्वतः काढणार आहे. डाव्या हातानं. सराव चालू आहे, पण शीर पहिल्याच खेपेला सापडेल असं वचन देत नाही. सुई नवी असेल. पाकीट तुझ्या डोळ्यांसमोर फोडीन. आणि काम झालं की ती सुई, ती सिरिंज तुझ्यासमोर कमळाच्या हातून कापून घेईन. तोपर्यंत तू खुर्चीतून उठायचं नाही.

सालेहा